वामनरावांचे सहा बाय सहा डोळे

माझ्या दुकानात येणारा माणूस पहिला प्रश्न कधीच स्वतःचा विचारत नाही. तो मित्राचा असतो, साळ्याचा असतो, नाहीतर "आमच्या ऑफिसात एक जण आहे ना" त्याचा असतो. नागपुरातल्या जरीपटक्याच्या बाजारात, एका बाजूला पडद्यांचं दुकान आणि दुसऱ्या बाजूला कूलरच्या पंपांचं, मधल्या आठ फुटांत बसून मी बावीस वर्षं लोकांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न भरते आहे. एवढ्या काळात "मॅडम, माझं चुकलं" म्हणत आत आलेला माणूस मी पाहिलेला नाही. पगारातून टॅक्स कापला गेला तर रिटर्न कशाला भरायचा, असं विचारणारे रोज दोन असतात. बायकोच्या नावावर एफडी केली तर व्याज कुणाचं, असं विचारणारे चार, आणि त्या एफडीची बायकोला खबर नसते. रिफंडवर पुन्हा टॅक्स लागतो का, हे एकाने मला लग्नाच्या पंगतीत, माझ्या तोंडात पुरी असताना विचारलं होतं. माझा स्वभाव चांगला नाही हे आधीच सांगून ठेवते. उत्तर देताना माझा आवाज चढतो. तरी लोक येतात, कारण माझी फी बाजारात सगळ्यांत कमी आहे.

पण डिसेंबरातल्या एका दुपारी वामनरावांनी विचारला तसा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

"मॅडम, समजा एक माणूस आहे," ते म्हणाले. "माझ्या ओळखीचा. तो आंधळा आहे. अन् तो शंभर टनाचा डंपर चालवते. तर त्याले नोटीस येऊ शकते का?"

मी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कुणाची? इन्कम टॅक्सची की यमाची?"

वामनराव आमच्याच गल्लीत, माझ्या घरापासून तिसऱ्या दाराला राहतात. मूळचे भिवापूरकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. शेती अजून भाऊबंद करतात आणि दर मार्चला त्यांच्याकडे मिरचीचं पोतं येतं, तेव्हा दोन दिवस सगळी गल्ली शिंकते. स्वतः वामनराव एकतीस वर्षांपासून कन्हान नदीपलीकडच्या एका कोळसा खाणीत डंपर चालवतात. वय अठ्ठावन्न, मिशी काळी केलेली, आणि रिटायर व्हायला त्या वेळी चौदा महिने उरलेले. माणसाला कशाचा ना कशाचा गर्व असतो. वामनरावांना आपल्या डोळ्यांचा आहे. खाणीत ठरावीक वर्षांनी सगळ्यांची तपासणी होते, आणि दर वेळी डॉक्टर त्यांच्या कागदावर 'सहा बाय सहा' लिहितो. शेवटचा तो कागद त्यांनी लॅमिनेट करून देवघराशेजारी टांगला आहे. गल्लीत कुणी चष्मा लावून दिसला की वामनराव हळहळतात आणि लगेच समोरच्या गच्चीवरच्या टाकीवरचा कंपनीचा नंबर वाचून दाखवतात.

"तो ओळखीचा माणूस कोण, ते सांगता की मी सांगू?" मी विचारलं.

त्यांनी मोबाइल पुढे केला. इन्कम टॅक्स खात्याचा मेसेज होता. तुम्ही भरलेल्या रिटर्नमधल्या काही वजावटी बरोबर दिसत नाहीत, तपासून दुरुस्त करून घ्या, असा सभ्य भाषेतला. मी त्यांचा पासवर्ड विचारला. तो त्यांना माहीत नव्हता. स्वतःच्या रिटर्नचा पासवर्ड माहीत नसलेला माणूस भेटला की माझं डोकं उठतं. पण त्यांचा चेहरा इतका उतरलेला होता की मी गप्प बसून नवा पासवर्ड तयार केला आणि मागच्या दोन वर्षांचे रिटर्न उघडले.

त्यात मला जे वामनराव भेटले ते फार निराळे गृहस्थ होते. ते ऐंशी टक्के अंध होते. त्यांनी कर्ज काढून इलेक्ट्रिक कार घेतली होती आणि वर्षाला दीड लाख रुपये व्याज भरत होते. त्यांनी 'सर्वमंगल जनकल्लोळ पार्टी' नावाच्या, कुठल्याशा परप्रांतातल्या पक्षाला दीड लाखाची देणगी दिली होती. शिवाय उच्च शिक्षणासाठी त्यांनी आणखी एक कर्ज काढलं होतं, तेही स्वतःच्याच शिक्षणासाठी. खरे वामनराव नववीत तिसऱ्यांदा नापास झाल्यावर गाव सोडून निघाले होते. म्हणजे एक आंधळा माणूस साठीच्या तोंडाशी कॉलेज शिकतो, स्वतःच्या कारने तिथं जातो, आणि उरलेल्या वेळात राजकारण करतो.

"हे सगळं मी केलं?" वामनरावांनी विचारलं. त्यांच्या आवाजात भीती होती, पण थोडं कौतुकही होतं, खोटं कशाला सांगू.

हे सगळं केलं होतं सौरव सरांनी. सौरव सर हा तिशीचा एक एजंट. पगाराच्या दुसऱ्या दिवशी तो खाणीच्या कॅन्टीनबाहेर पांढऱ्या गाडीतून यायचा, कडुलिंबाखाली टेबल मांडायचा आणि लॅपटॉप उघडायचा. आधार कार्ड द्या, पॅन कार्ड द्या, मोबाइलवर आलेला नंबर सांगा, झालं. महिन्याभरात खात्यात सव्वा लाख. त्यातले वीस टक्के सरांचे. सगळ्या पाळीने भरलं. आधी एकाला रिफंड आला, मग दुसऱ्याने विचारलं, तुले किती आला, मले काहून कमी? सरांनी त्याचाही वाढवून दिला. आपल्या पगारातून खात्याने कापलेले पैसे सर परत आणून देतात, एवढंच सगळ्यांना कळत होतं, आणि त्यात त्यांना काही गैर वाटत नव्हतं. गंमत म्हणजे सरांना प्रत्येकासाठी वेगळा मजकूर लिहायचा कंटाळा होता. त्यांनी एकच रिटर्न सगळ्यांना चिकटवला. त्यामुळे सरकारी कागदांप्रमाणे त्या खाणीत एका पाळीला तेहतीस आंधळे डंपर चालवत होते.

वामनरावांना दोन वर्षांत दोन लाख अठ्ठेचाळीस हजार रिफंड आला. सरांचे गेल्यावर जे उरले त्यातून त्यांनी सागवानी बंगई, म्हणजे घरातला झोपाळा, करून घेतली, पितळी कड्यांची, चार माणसं झोपतील एवढी. गल्लीत तिला 'रिफंडची बंगई' म्हणतात. बाकीच्या पैशांत पन्नास माणसांना मटणाचं जेवण घातलं. मीही जेवले होते, आणि रस्सा चांगला होता. तेव्हा मी विचारलं नाही की वामनराव, रिफंड आला तरी कशाचा? एवढी चूक माझी आहे.

तिसऱ्या वर्षी सौरव सर आलेच नाहीत.

मी हिशेब केला. मिळालेला रिफंड परत, त्यावर व्याज, आणि आपण होऊन चूक कबूल करत असलो तरी उशिराबद्दल एका वर्षाला पंचवीस टक्के आणि आदल्या वर्षाला पन्नास टक्के जादा. सगळं मिळून तीन लाख अठ्ठावन्न हजार. एकतीस मार्चच्या आत भरायचे. मार्च गेला की जादा रक्कम वाढणार, आणि त्याआधी खात्याने स्वतःहून पकडलं तर दंडच दोनशे टक्के.

वामनरावांनी उठून भिंतीवरच्या कॅलेंडरात मार्चचं पान उघडून पाहिलं. त्यांच्याजवळ साडेतीन-चार लाखांची एक एफडी होती, आणि ती कशासाठी आहे हे गल्लीतल्या कुत्र्यांनाही माहीत होतं. एकतीस वर्षं शंभर टनांची गाडी चालवणाऱ्या या माणसाकडे स्वतःची एक स्कूटर आहे. रिटायर झालो की सेकंडहँड का होईना कार घेईन, आणि घरच्यांना बसवून रामटेकला नेईन, असं ते दहा वर्षांपासून सांगत होते. रंगसुद्धा ठरला होता, मोरपंखी.

"म्हणजे कागदावर जी कार आहे," ते सावकाश म्हणाले, "तिच्यापायी खरी कार जाऊन राहिली."

मी हो म्हणाले. यावर दुसरं काय म्हणणार?

मग त्यांनी खालच्या आवाजात खरी गोष्ट सांगितली. सौरव सरांचा फोन आला होता. सर म्हणाले, पैसे भरायची गरज नाही. चाळीस हजार द्या, मागच्या तारखेचं अंधत्वाचं सर्टिफिकेट आणून देतो. बाकीच्या वजावटींचेही कागद होतील, हळूहळू. फक्त एकदा एका डॉक्टरसमोर उभं राहावं लागेल, त्याला नीट वाटलं पाहिजे. तेव्हा थोडी प्रॅक्टिस करून ठेवा.

"वामनराव," मी म्हणाले, आणि आता माझा आवाज चढला, "तो कागद खाणीत पोचला तर? मेडिकल बोर्ड बसवतील. एकतीस वर्षं आंधळ्याने डंपर कसा चालवला ते विचारतील. ग्रॅच्युइटी अडकेल. खोटं सर्टिफिकेट म्हणजे पोलिसांचं काम आहे."

"सर म्हणतात, इन्कम टॅक्सवाले खाणीत कशाले जातील?"

"अन् मी काय म्हणते, ते?"

"तुमचं पण बरोबर आहे," ते म्हणाले, आणि उठून गेले. जाताना दाराजवळ थांबून त्यांनी रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी सवयीने वाचली, अगदी खालच्या ओळीतल्या फोन नंबरासकट.

तीन आठवडे ते फिरकले नाहीत. संक्रांत होऊन गेली. दुसऱ्याच्या टॅक्ससाठी माझा जीव खालीवर व्हायचं कारण नव्हतं, पण होत होता. शेवटी एका रविवारी सकाळी अकरा वाजता मीच त्यांच्या घरी गेले.

दार उघडंच होतं. वामनराव डोळ्यांवर दुपट्टा बांधून, हातात बंद छत्री घेऊन फ्रिजपासून बंगईकडे निघाले होते. त्यांच्या पत्नी भागीरथाबाई स्वयंपाकघराच्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"पाहा वं मॅडम," त्या मला म्हणाल्या. "आठ दिवसांपासून हे असंच चालू आहे. काल वरणाच्या भरल्या गंजात पाय टाकला."

"तू गंज मधात काहून ठेवला?" दुपट्ट्याआडून वामनराव म्हणाले.

बंगईवर रुख्मिणीबाई मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या. या वामनरावांच्या थोरल्या बहीण. ते त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात. बासष्ट वर्षांच्या आहेत, लग्न झालेलं नाही. चार वर्षांच्या असताना अंगावर देवी आल्या आणि त्यात दोन्ही डोळे गेले. घरातली भाकर त्याच थापतात, मिरची हुंगून पोत्यातली जुनी कोणती ते सांगतात, आणि गल्लीत कोण चाललंय ते चपलेवरून ओळखतात. पण त्यांच्याबद्दल वामनराव जन्मभर एकच वाक्य बोलत आले आहेत : बाईले जरा कमी दिसते. जरा म्हणजे किती, ते आम्ही कुणी कधी विचारलं नाही. गल्लीनेही तेच वाक्य उचललं.

"वामन," रुख्मिणीबाई म्हणाल्या, "आठ दिवसांपासून ऐकून राहिली मी. काहून असा चालून राहिला गा?"

"काही नाही वं बाई. असंच."

"पाय घासून राहिला. असं कोणी घासते का? पाय उचलून टाक, अन् टाच आधी टेकव. अन् तो हात खाली घे. भीक मांगून राहिला का कोणाले?"

वामनरावांनी हात खाली घेतला.

"भिंतीले हात लाव. तळहात नाही, पालथा हात. बोटं पुढं केली तर दारात चेंगरतील. आता छत्री ठोकू नको. हळूच टेकव अन् ऐक. फ्रिज किरकिर करून राहिला का नाही? मंग तो उजव्या कानाले ठेव, म्हणजे सरळ माझ्याकडे येशील."

वामनराव तसे चालले, आणि आठ दिवसांत पहिल्यांदाच कशालाही न धडकता बंगईपर्यंत पोचले. मला हसू आवरेना. भागीरथाबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या. रुख्मिणीबाईंनी शाबासकी दिली आणि विचारलं, "खाणीत नाटक बसवून राहिले का? कोणाचं काम दिलं तुले?"

मग भागीरथाबाईंच्या आठ दिवसांच्या रागाला तोंड फुटलं.

"नाटक नाही वं बाई. आंधळ्याचं सर्टिफिकेट काढून राहिले. चाळीस हजार देऊन."

बंगई थांबली. रुख्मिणीबाईंनी मांडीवरचं मिरच्यांचं सूप बाजूला ठेवलं. त्यांनी सगळं विचारून घेतलं, माझ्याकडून आणि भागीरथाबाईंकडून, एकेक करून. रिफंड कसा आला, कशावर आला, बंगई कुठून आली. शेवटी त्यांचा हात बंगईच्या पितळी कडीवरून एकदा फिरला.

"मी तुले कधी म्हटलं होतं गा?" त्या म्हणाल्या. "अठरा वर्षं झाली. गल्लीतल्या करिष्मानं बसमध्ये वाचून सांगितलं मले, की मावशी, ही सीट तुमच्यासारख्यांची आहे, फक्त कार्ड लागते. मी घरी येऊन तुले म्हटलं, वामन, माझा कागद काढ. तू काय म्हणाला?"

वामनराव छत्रीची मूठ चाचपत राहिले.

"म्हणाला, बाई, तुले कोण आंधळी म्हणते? जरा कमी दिसते तुले. लिहिलं की पक्कं होते. मी म्हटलं जाऊ दे, याले वाईट वाटते, पुन्हा नाही काढायचा विषय. अठरा वर्षं उभ्यानं गेली मी बसमध्ये." त्यांचा आवाज मोठा झाला नव्हता. "माझं आंधळेपण खरं होतं. फुकट होतं. त्याची तुले लाज वाटली. अन् खोटं तू विकत घेऊन राहिला?"

वामनराव खाली बसायला गेले. दुपट्टा अजून डोळ्यांवरच होता आणि स्टूल वीतभर बाजूला होता. ते जमिनीवर आपटले आणि तिथंच राहिले. रुख्मिणीबाई उठल्या, चार पावलं सरळ चालत गेल्या, वाकल्या आणि त्यांनी भावाला दंडाला धरून उठवलं. दुपट्टाही त्यांनीच सोडला. खालचे ते सहा बाय सहा डोळे लाल झाले होते आणि ते कुणाकडेही पाहत नव्हते.

अशा वेळी शहाण्या बाईने घरी जावं. पण मी पडले रिटर्न भरणारी, मला राहवलं नाही.

"एक सांगू का," मी म्हणाले. "बहिणीला असं अपंगत्व असेल, आणि ती आपल्यावर अवलंबून असेल, तर भावाला वजावट मिळते. जुन्या पद्धतीने रिटर्न भरला तर आज सव्वा लाखाची. कायदेशीर. दर वर्षी."

तिघांनीही माझ्याकडे तोंड वळवलं.

"दर वर्षी?" भागीरथाबाई म्हणाल्या.

"फक्त सरकारी सर्टिफिकेट लागतं. मागच्या वर्षांचं आता नाही मिळणार, पण पुढचं मिळेल."

मी मनात आकडे मांडत होते आणि ते तोंडातूनही निघत होते. दोन वर्षं खोटं लिहून सौरव सरांनी जेवढं मिळवून दिलं, त्याहून जास्त वामनरावांनी अठरा वर्षं खरं न लिहून घालवलं होतं. मी हे ऐकवलं तेव्हा भागीरथाबाईंनी भिंतीवरच्या लॅमिनेट केलेल्या कागदाकडे असं पाहिलं, की मला त्या कागदाची काळजी वाटली.

"अवलंबून म्हणजे काय वं?" रुख्मिणीबाईंनी मधेच विचारलं.

"म्हणजे तुमचा सगळा खर्च हे करतात, असं."

"अन् याचं कोण करते? याचा डबा कोण भरते? याचा बनियान कुठं आहे ते याले दिसत नाही, मी सांगते. तिथं लिहा, दोघं एकमेकांवर."

तशी सोय फॉर्ममध्ये नाही, असं मी सांगितलं. त्यांना ते पटलं नाही, अजूनही पटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच वामनराव शटरसमोर उभे होते. हातात एफडीची पावती होती. बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या दुकानात येऊन म्हणालं, "मॅडम, माझं चुकलं. भरून टाका."

मी त्यांना खुर्ची दिली आणि चहा मागवला. मी सहसा मागवत नाही.

भरायला दोन तास लागले. साइट अडकली, मग मोबाइलवर येणारा नंबर भागीरथाबाईंच्या फोनवर गेला, आणि तो फोन त्यांनी मिरचीच्या डब्यात ठेवलेला होता. तीन लाख अठ्ठावन्न हजार गेल्याची पावती छापून मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती लांब धरली, जवळ धरली आणि एकदाच म्हणाले, "मोरपंखी होती."

मला वाईट वाटलं. तेवढ्या दिवसाची फी मी घेतली नाही, आणि हे कुणाला सांगू नका असंही बजावलं, कारण एकदा फुकट केलं की लोक लग्नाच्या पंगतीतही सोडत नाहीत.

पण रुख्मिणीबाईंचं एवढ्यावर समाधान झालं नव्हतं. पाळीतल्या बाकी लोकांनाही सांग, असं त्यांनी भावाला बजावलं. आधी बाबाराव नावाचे त्यांचे जोडीदार आले. आत येऊन, घसा खाकरून म्हणाले, "मॅडम, मित्राचं एक विचारायचं होतं. तो आंधळा आहे." मार्च संपेपर्यंत तेहतीसपैकी सव्वीस मित्र येऊन गेले. कुणी हप्त्याने भरता येतं का विचारलं, कुणी बायकोला कळू देऊ नका म्हणालं, आणि एक जण त्या जनकल्लोळ पार्टीला दिलेली देणगी परत मागता येईल का, असं फार गंभीरपणे विचारून गेला. सौरव सरांचा फोन तोपर्यंत बंद झाला होता.

रुख्मिणीबाईंच्या सर्टिफिकेटसाठी सरकारी दवाखान्यात तीन चकरा झाल्या. तिन्ही वेळा वामनराव सुट्टी टाकून गेले आणि रांगेत उभे राहिले. शेवटच्या वेळी मी सोबत होते. डॉक्टरीणबाईंनी रुख्मिणीबाईंच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि विचारलं, "मावशी, उजेड दिसतो का काही?" दारात उभ्या असलेल्या वामनरावांनी सवयीने तोंड उघडलं. मला माहीत होतं कोणतं वाक्य बाहेर येणार. पण त्यांनी ते गिळलं.

"नाही जी," रुख्मिणीबाईंनी सांगितलं. "काहीच नाही."

मे महिन्यात कार्ड पोस्टाने आलं. भर उन्हात मला बोलावणं आलं, म्हणून दुकान टाकून गेले. कूलरसमोर बंगईवर रुख्मिणीबाई बसल्या होत्या आणि कार्ड वामनरावांच्या हातात होतं.

"वाच," त्या म्हणाल्या.

त्यांनी नाव वाचलं, वडिलांचं नाव वाचलं, जन्मसाल वाचलं. मग थांबले.

"पुढं वाच ना. तुझे डोळे तर चांगले आहेत."

त्यांना जमेना. त्यांनी कार्ड माझ्याकडे दिलं, तेव्हा मी वाचलं. दोन्ही डोळ्यांचं अंधत्व, कायमचं, शंभर टक्के.

"किती?" रुख्मिणीबाईंनी विचारलं.

"शंभर."

"शंभरपैकी?"

"हो."

त्यांनी कार्ड माझ्याकडून घेतलं आणि त्याच्या कडांवरून अंगठा फिरवला. "मले शाळेत कोणी घातलं नाही," त्या म्हणाल्या. "पहिलाच पेपर होता माझा."

पुढच्या रविवारी आम्ही सगळे रामटेकला निघालो. कार नव्हती, म्हणून बसने. मला त्यांनी आग्रहाने सोबत घेतलं होतं आणि माझं तिकीटही काढणार होते, बहुधा फीच्या बदल्यात. बस भरलेली होती. दाराजवळच्या त्या सीटवर एक जाडजूड गृहस्थ कानात हेडफोन घालून बसले होते, मांडीवर आंब्यांची पेटी. रुख्मिणीबाईंनी पर्समधून कार्ड काढून हातात धरलं होतं, पण ते दाखवायचं कुणाला, हे त्यांना कळत नव्हतं.

वामनराव पुढे झाले. त्यांनी गृहस्थांच्या खांद्याला हात लावला.

"उठा जी. ही आंधळ्यांची सीट आहे." गृहस्थांना ऐकू गेलं नसावं. वामनरावांनी श्वास घेतला, आणि डंपरच्या आवाजातही पोचेल अशा आवाजात म्हणाले, "माझी बहीण आंधळी आहे. तिले बसायचं आहे."

बसमधल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. ड्रायव्हरनेसुद्धा आरशात पाहिलं. गृहस्थ पेटीसकट उठले. वामनराव तसेच उभे राहिले, आणि ते वाक्य परत घ्यायची जागा आता उरली नव्हती.

रुख्मिणीबाई सीटवर बसल्या. त्यांनी दोन्ही हातांनी सीटची गादी दाबून पाहिली, मग पुढचा दांडा, मग खिडकी.

"हळू बोल गा," त्या म्हणाल्या. "मी बहिरी नाही."